बहुमतबदल आणि विधिमंडळातील कोंडी (अमेरिका)

सभागृहातील बहुमत एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेले, की पक्षीय वादात रखडलेली विधेयके मार्गी लागतात की आणखी रखडतात, हा अमेरिकी राज्यव्यवस्थेच्या अभ्यासातला जुना वादविषय. भारतात लोकसभेतले बहुमत गेले की सरकारच जाते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मात्र चार वर्षांसाठी स्वतंत्रपणे निवडून आलेला असतो. काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, विरोधकांच्या हाती गेली तरी तो जागेवर राहतो. प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांची आणि सिनेटच्या १०० पैकी सुमारे एकतृतीयांश जागांची निवडणूक दर दोन वर्षांनी होते, त्यामुळे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि एखादे सभागृह दुसऱ्याचे, अशी विभागलेली सत्ता तेथे नवलाची नाही.

विधेयक अडण्याच्या जागा अनेक आहेत. दोन्ही सभागृहांनी एकच मसुदा जसाच्या तसा संमत करावा लागतो. राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरला, तर तो मोडून काढायला दोन्हीकडे दोनतृतीयांश मते लागतात. याखेरीज सिनेटमध्ये चर्चा लांबवून विधेयक रोखण्याची, म्हणजे फिलिबस्टरची, सोय आहे. चर्चा आवरती घेण्याचा नियम १९१७ मध्ये आला, तेव्हा त्यासाठी दोनतृतीयांश मते लागत. १९७५ पासून ६० लागतात. ५३ जागा जिंकलेला पक्ष सिनेटचा मालक म्हणवतो खरा, पण साध्या विधेयकासाठीही त्याला पलीकडच्या बाकांवरून सात मते आणावी लागतात. म्हणून बहुमत बदलल्याने कोंडी फुटतेच असे नाही. बहुतेक वेळा ती फक्त जागा बदलते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २००९–१० चे. ओबामांच्या पहिल्या वर्षात डेमोक्रॅटिक गटाकडे सिनेटमध्ये काही महिने नेमकी ६० मते होती, आणि २४ डिसेंबर २००९ रोजी आरोग्यविमा विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत झाले. ऑगस्टमध्ये निधन पावलेल्या एडवर्ड केनेडी यांच्या मॅसॅच्युसेट्समधील जागेवर जानेवारी २०१० मध्ये रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन निवडून आले. ५९ विरुद्ध ४१ हे कुठल्याही सभागृहात दणदणीत बहुमत ठरेल, पण एवढ्या एका जागेने सुधारित मसुदा पुन्हा सिनेटमधून नेण्याचा मार्ग बंद झाला. अखेर प्रतिनिधिगृहाने मार्चमध्ये सिनेटचाच मसुदा कानामात्रा न बदलता २१९ विरुद्ध २१२ मतांनी स्वीकारला. हव्या असलेल्या दुरुस्त्या अर्थसंकल्पाशी निगडित ‘रीकन्सिलिएशन’ या पद्धतीने वेगळ्या विधेयकात केल्या. तिला साधे बहुमत पुरते. पुढे रिपब्लिकनांना सर्व सत्ता मिळाल्यावर हाच कायदा मोडण्याचा त्यांचा प्रयत्न याच पद्धतीने झाला आणि जुलै २०१७ मध्ये ४९ विरुद्ध ५१ असा फसला. जॉन मॅकेन, सुझन कॉलिन्स आणि लिसा मुरकाउस्की या स्वपक्षीयांनीच विरोधात मत दिले होते.

बहुमताने हाती येणारी खरी ताकद मतांपेक्षा कार्यक्रमपत्रिकेची असते. स्पीकर कोण, समित्यांचे अध्यक्ष कोण आणि कोणते विधेयक मतदानाला येणार, हे बहुमतवाला पक्ष ठरवतो. जून २०१३ मध्ये सिनेटने स्थलांतरविषयक व्यापक विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले. रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहात ते मतदानाला आलेच नाही, कारण स्वपक्षातील बहुसंख्यांचा पाठिंबा नसलेले विधेयक आणायचे नाही, असे स्पीकर जॉन बेनर यांचे धोरण होते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांवर प्रत्येक देशासाठी असलेली सात टक्क्यांची मर्यादा या विधेयकाने उठणार होती. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या भारतीयांचा, त्यात मराठी कुटुंबांचाही, हा जिव्हाळ्याचा प्रश्न. तो पुन्हा वर आला तो सत्ता विभागलेली असताना: जुलै २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने स्वतंत्र विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले, आणि डिसेंबर २०२० मध्ये रिपब्लिकन सिनेटनेही त्याचे बदललेले रूप एकमताने मान्य केले. दोन्ही सभागृहांत पाठिंबा होता, तरी दोन मसुद्यांचा मेळ बसायच्या आत काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक निकालात निघाले.

विभागलेल्या सत्तेची झळ सर्वाधिक जाणवते ती खर्चाच्या विधेयकांना, कारण ती वेळेत संमत झाली नाहीत तर सरकारी कचेऱ्याच बंद पडतात, म्हणजे शटडाउन होतो. चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकणाऱ्या न्यूट गिंग्रिच यांच्या रिपब्लिकनांनी १९९५–९६ च्या हिवाळ्यात बिल क्लिंटन यांच्याशी दोन हात केले. त्यातला दुसरा शटडाउन २१ दिवस चालला. पण त्याच दोघांनी १९९६ मध्ये सार्वजनिक साहाय्य योजनांचा मोठा फेरबदल आणि १९९७ मध्ये अर्थसंकल्प समतोलाचा कायदा केला. २०११ मध्ये कर्जमर्यादेवरून झालेली ओढाताण मात्र स्टँडर्ड अँड पुअर्सने देशाचे पतमानांकन एक पायरी उतरवण्यापर्यंत गेली. उलट, डिसेंबर २०१८ मध्ये ३५ दिवसांचा शटडाउन सुरू झाला तेव्हा दोन्ही सभागृहे आणि व्हाइट हाउस रिपब्लिकनांकडेच होते. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या ४३ दिवसांच्या शटडाउनची गोष्टही तीच. दोन्ही वेळी घोडे अडले ते सिनेटमधल्या ६० मतांपाशी.

अभ्यासकांत याबाबत एकमत नाही. डेव्हिड मेह्यू यांनी ‘डिव्हायडेड वी गव्हर्न’ (१९९१) या ग्रंथात १९४६ ते १९९० मधील महत्त्वाचे कायदे मोजले आणि सत्ता एकवटलेली असो वा विभागलेली, कायद्यांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही असा निष्कर्ष काढला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी विरोधी बहुमताच्या ज्या ऐंशीव्या काँग्रेसला (१९४७–४९) ‘काहीच न करणारी’ म्हणून हिणवले, तिनेच मार्शल योजनेला मंजुरी दिली होती आणि त्यांचा नकाराधिकार मोडून टॅफ्ट-हार्टली कायदा केला होता, हे मेह्यूंच्या बाजूने सांगता येते. सारा बाइंडर यांचा आक्षेप मार्मिक आहे: किती कायदे झाले एवढेच मोजून भागत नाही, किती प्रश्न ऐरणीवर असूनही सुटले नाहीत हेही मोजले पाहिजे. त्या कसोटीवर पक्षांमधील मधली फळी विरळ होणे आणि दोन सभागृहांतील मतभेद, या गोष्टी जड ठरतात. कीथ क्रेबिएल यांच्या मते निर्णय घडतो तो बहुमताच्या कडेवर नव्हे, तर साठाव्या सिनेटरच्या किंवा नकाराधिकार मोडायला लागणाऱ्या शेवटच्या मताच्या जागी.

नेमणुकांच्या क्षेत्रात मात्र बहुमतबदल निर्णायक ठरतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरी रीड यांच्या डेमोक्रॅटिक बहुमताने सर्वोच्च न्यायालय वगळता अन्य नेमणुकांसाठीची ६० मतांची अट मोडली. पुढच्याच वर्षी सिनेट रिपब्लिकनांकडे गेले. सर्वोच्च न्यायालयाचे दिवंगत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांच्या जागी ओबामांनी मार्च २०१६ मध्ये सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची साधी सुनावणीही सिनेटमधील रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी होऊ दिली नाही, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांसाठीही ती अट काढून नील गोर्सच यांना तेथे बसवले. सर्वसाधारण विधेयकांसाठी ती टिकून आहे. सिनेट ५०-५० असे विभागलेले असताना जानेवारी २०२२ मध्ये मतदानहक्काच्या विधेयकापुरता अपवाद करण्याचा डेमोक्रॅटांचा प्रयत्न ४८ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेला. विरोधात गेलेल्यांत जो मँचिन आणि कर्स्टन सिनेमा हे त्यांचेच दोन सदस्य होते.