१ फेब्रुवारी : मुंबईत ‘आयर्न मेडन’
इ. स. २००८ मध्ये आजच्या दिवशी ‘आयर्न मेडन’ या लंडनच्या हेवी मेटल वाद्यवृंदाने, मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर, ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या आपल्या जगद्‌भ्रमणाचा प्रारंभ केला. वृंद व त्याचा सरंजाम ज्या विमानातून आला, त्याच्या वैमानिकांत गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः होते. इंग्रज कवी कोलरिजच्या दीर्घकाव्यावर आधारलेले, तेरा मिनिटांहून दीर्घ असे वृंदाचे १९८४ सालचे ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ हे गीत त्या रात्रीही सादर झाले. अशा रचनेस निव्वळ कोलाहल म्हणणे हा अन्याय होय. कीर्तनातील आख्यान तासन्‌तास तन्मयतेने ऐकणाऱ्या बीड जिल्ह्यातील श्रोत्यांस तिच्यातील चढत्या कथनाचे सामर्थ्य सहज उमगेल. रसिकांनी ती एकवार सबंध ऐकावी.