बैलाचं कातडं, शाईचा अंगठा आणि आजीचे दोन हजार

हा भाग ऐकायचा नसेल तर वाचा, म्हणून नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. आज विषय फसवणुकीचा. पण ओटीपी सांगू नका, लिंकवर क्लिक करू नका, एवढ्यावर थांबणार नाही. आज आपण जव्हारपासून सुरुवात करू, आणि तीही थेट चौदाव्या शतकात.

जव्हार संस्थानाच्या स्थापनेची एक आख्यायिका ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्येही नोंदवलेली आहे. तेव्हा इथे वारली नायकाची सत्ता होती. मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जयबा त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन द्या. नायकाला वाटलं, एवढीशी तर मागतोय! तो हो म्हणाला. मग जयबानं त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यात सगळी गढीच वेढून टाकली. पुढे १३४३ साली त्याच्या मुलाला, नीमशाहला, दिल्लीच्या सुलतानानं राजा म्हणून मान्यता दिली.

हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज शहराबद्दल, डायडो राणीच्या नावानं सांगतात. म्हणजे ती खरी घडली की नाही हा प्रश्न सोडून देऊ. मला त्यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटतं: नायक 'हो' म्हणाला होता. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. फक्त 'हो' कशाला, ते समोरच्यानं नंतर ठरवलं.

आता उडी मारू १८५८ मध्ये. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्यासाठी खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी त्यानं करार केला आणि कागदाच्या पाठीवर त्याच्या पूर्ण पंजाचा ठसा घेतला. का? तर उद्या कोनाईनं 'ही सही माझी नाहीच' असं म्हणू नये म्हणून. पुढे १८७७ च्या सुमारास हुगळीला हर्शेलनं पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण पेन्शनर मेल्यावरही दुसराच कुणी जाऊन पैसे उचलू शकत होता. आज आपण ज्याला आयडेंटिटी थेफ्ट म्हणतो, तेच हे.

म्हणजे ठशानं तोतया पकडता येतो, हे खरं. पण नीट बघा. ठसा आहे कागद सांभाळणाऱ्याच्या सोयीचा. अंगठा देणाऱ्याला कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नसेल, तर ठसा त्याच्या काही कामाचा नाही. उलट तोच त्याच्या विरुद्धचा पुरावा.

आपल्या महाराष्ट्रात हे शेतकऱ्यांनी फार लवकर ओळखलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोक सावकारांवर उठले, तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त हवी होती ती कर्जाची कागदपत्रं. हाती लागले ते कर्जरोखे जाळले. मग १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. त्यातली एक तरतूद मला फार आवडते: शेतकऱ्याचा कर्जरोखा गावच्या निबंधकासमोरच व्हायला हवा. म्हणजे घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस बसवला. पण सुरुवातीला हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. आपल्या डोंगरात तो नव्हता.

आपल्याकडे काय चाललं होतं ते गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवलंय. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोनं जमीनदाराकडे राबत राहायचं. त्याला नावच होतं, लग्नगडी. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडचे वारली या वेठीविरुद्ध उभे राहिले. आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा व्हायला १९७४ उजाडलं.

आता माझ्या घरची गोष्ट. आजी मोखाड्याच्या बाजूला राहते. पेन्शनचे पैसे काढायला बँक लांब, म्हणून ती बाजारात मशीन घेऊन बसणाऱ्या माणसाकडे जायची. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा. ना पिन, ना ओटीपी. एकदा तो म्हणाला, "आजी, अंगठा लागला नाय, परत ठेवा." हातावर शेतकामाच्या भेगा, त्यामुळे आजीला खरंच वाटलं. असं दोनदा झालं. मी दिवाळीला घरी गेलो आणि पासबुक भरून आणलं, तेव्हा दिसलं की त्या दोन्ही दिवशी हजार-हजाराच्या दोन-दोन नोंदी आहेत. आजीच्या हातात मात्र दर वेळी हजारच आले होते. मेसेज यायचा प्रश्नच नव्हता, खात्याला तिचा नंबर जोडलेला नव्हता. पावती तिनं कधी मागितली नव्हती.

तक्रार केली. उत्तर आलं: "अंगठा तुमच्या आजीचाच आहे." पैसे परत आले नाहीत.

मी स्वतः लॉगिनचं कोड लिहितो. 'ऑथेंटिकेशन सक्सेसफुल' हा मेसेज मी हजारदा पाहिलाय. त्याचा अर्थ एवढाच की बोट त्या माणसाचं आहे. त्याला काय सांगितलं, त्यानं कशाला हो म्हटलं, हे त्या मेसेजमध्ये नसतं. कोनाईच्या पंजातही नव्हतं. आजी दोन दिवस एकच म्हणत होती, "माझीच चूक रे बाबू, मला वाचता येत नाय." नाही आजी. वाचता न येणं ही चूक नव्हे.

म्हणून मंडळी, १८७९ चा तो तिसरा माणूस आता तुम्हीच व्हा. घरी गेलात की एवढं करा:

आजी-आजोबांच्या खात्याला चालू मोबाईल नंबर जोडा. पासबुक दर महिन्याला भरा आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

अंगठा 'लागला नाही' असं सांगितलं, तर दुसऱ्यांदा ठेवण्याआधी पहिल्या वेळची पावती मागायची. व्यवहार फेल झाला तरी पावती निघते.

आधारच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर बायोमेट्रिक लॉक करता येतं. मात्र लॉक असताना रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. त्यामुळे त्या दिवशी अनलॉक करून द्यायची जबाबदारी तुमची.

पैसे गेले असं दिसलं की लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात पहिल्या तीन कामाच्या दिवसांना फार महत्त्व दिलं होतं. आम्ही चार महिन्यांनी पोहोचलो.

आजी आता मशीनवाल्याला आधी विचारते, "किती लिवलंस? वाचून दाखव." बाजारात लोक हसतात. पण तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या दोघीजणीही आता तेच विचारायला लागल्यात.

पुढच्या भागात भेटू. तोवर हा भाग घरच्या मोठ्यांना नुसता फॉरवर्ड करू नका, शेजारी बसून ऐकवा.