गुंठाभर परसबाग : कर्जत-खालापूरच्या पावसात काय लावावं, कुठे लावावं

कर्जत/खालापूर : पावसाळा तोंडावर आला की अंगणात जागा दिसेल तिथे खड्डे पडतात. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ, ही दोन्ही टोकं रोपांना सोसावी लागतात. म्हणून रोप आणण्याआधी जागा मोजलेली बरी.

जागेचा हिशोब
एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. कलमी आंब्याची नेहमीची लागवड १० बाय १० मीटरवर होते, म्हणजे एकच झाड मोठं होऊन अख्खा गुंठा व्यापतं. नारळालाही साधारण २५ फूट अंतर लागतं. कौलांजवळ आणि विजेच्या तारेखाली तो नकोच. गुंठ्यात मोठं झाड एकच ठेवावं, तेही उत्तरेच्या कडेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे झाडाची सावली भाजीवर येत नाही.

मोरीचं पाणी
सांडपाण्याच्या वाटेवर केळ आणि अळू लावावं. साबणाचं पाणी पालेभाजीला मात्र घालू नये. पपईच्या बुडाशी पाणी साचलं की मूळ कुजतं, म्हणून ती उंचवट्यावर लावावी. शेवगा फांदीपासूनही येतो, पण लाकूड ठिसूळ. वाऱ्यात मोडू नये म्हणून दरवर्षी छाटावा. लिंबू आणि कढीपत्ता स्वयंपाकघराच्या जवळ बरे.

हंगामाप्रमाणे भाजी
पावसाळ्यात दुधी, पडवळ, घोसाळी, कारली, काकडी मांडवावर चढवावीत. वेल जमिनीवर राहिला तर फळ सडतं. वाफे फूटभर उंच आणि ३ फूट रुंद करावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि माती तुडवली जात नाही. भातकापणीनंतर वाल, मुळा, मेथी, वांगी, मिरची घ्यावी. उन्हाळ्यात पाणी असेल तेवढीच भेंडी-गवार लावावी आणि बुडाशी पेंढा अंथरावा.

रोप घेताना
कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेलं रोप नर निघालं तर काही वर्षं सांभाळूनही फळ मिळत नाही. त्यामुळे मादी झाडाचं कलमच घ्यावं; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात आहे. आंब्यात हापूस वर्षाआड फळतो. विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ जात बहुतेक दरवर्षी फळ देते. कलमाचा जोड पाहून, परवानाधारक रोपवाटिकेतून पावतीसह रोप घ्यावं. जोडाच्या खालून फुटवा आला तर लगेच काढावा.

कुंपण आणि काळजी
अडुळसा शेळ्या सहसा खात नाहीत, म्हणून कुंपणाला चांगला. गिरिपुष्पाच्या काठ्या सहज रुजतात आणि पाला खत म्हणून वाफ्यात घालता येतो. कण्हेर आणि बिट्टी दोन्ही विषारी आहेत. लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरी टाळावीत. दारासमोर आणि झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून दाट झुडूप, लाकडाचा ढीग ठेवू नये. पावसाळ्यात साप-विंचू तिथेच आसरा घेतात.

पहिल्या वर्षी एक मांडव आणि दोन वाफे पुरेत. ते नीट जमले की पुढच्या पावसात कलमाचा खड्डा घ्यावा.