चोरांची भाषा की कष्टकऱ्यांची? लंडनच्या कॉकनी बोलीविषयी

शब्दाला अर्थ कुठून येतो, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज तो घेऊन आपण लंडनच्या बाजारात जाऊ या.

लंडनच्या चीपसाइड रस्त्यावर सेंट मेरी-ल-बो नावाचं चर्च आहे. त्याची घंटा ऐकू येईल एवढ्या टापूत जन्मलेला तो कॉकनी, ही समजूत जॉन मिन्शूच्या १६१७ सालच्या कोशात सापडते. शब्द मात्र त्याहून जुना. मुळात त्याचा अर्थ 'कोंबड्याचं अंडं', म्हणजे लहानसं, वेडंवाकडं अंडं. त्यावरून लाडावलेलं पोर, मग शहरातला नाजूक माणूस, आणि अखेर पूर्व लंडनचा कष्टकरी. लोकांनी चिकटवलेलं हे टोपणनाव पुढे त्या कष्टकऱ्यांनीच अभिमानानं मिरवलं.

या बोलीतली यमकाची गंमत पाहा. जिन्याला इंग्रजीत 'स्टेअर्स'. त्याच्याशी जुळणारा शब्दप्रयोग 'ॲपल्स अँड पेअर्स', म्हणजे सफरचंदं नि नासपती. झाला जिना! पुढची पायरी आणखी मजेदार. 'लुक' म्हणजे नजर. त्याला यमक 'बुचर्स हुक', खाटकाचा आकडा. पण बोलताना 'हुक' गाळायचं, नुसतं 'बुचर्स' म्हणायचं. 'हेड'साठी 'लोफ ऑफ ब्रेड', त्यातला उरतो 'लोफ'. डोकं चालव म्हणायचं तर 'यूज युअर लोफ'. ज्या यमकानं अर्थ लागायचा, तेच काढून टाकलेलं. मग नवख्याला कळणार कसं?

म्हणूनच सर्रास सांगतात की ही चोरांची भाषा, पोलिसांना चकवण्यासाठी काढलेली. १८२९ मध्ये रॉबर्ट पीलनं लंडनचं पोलीसदल उभं केलं, तेव्हा काळाचा मेळही बसतो. पण पुरावा काय म्हणतो? जॉन कॅम्डन हॉटननं १८५९ च्या आपल्या कोशात हिचं श्रेय दिलं ते रस्त्यावर गाणी नि चोपडी विकणाऱ्या फेरीवाल्यांना. ओरडून, गाऊन गिऱ्हाईक जमवणं हा ज्यांचा धंदा, त्यांना यमक सुचणार नाही तर कुणाला? शिवाय असे शब्द १८५० च्या दशकातच छापले गेले होते. दुकानात विकत मिळणारं गुपित चोराच्या काय कामाचं?

लपवाछपवी नव्हतीच असं नाही. भाजीविक्यांची एक उलटी बोली होती. हेन्री मेह्यूनं १८५१ च्या ग्रंथात तिचं वर्णन केलं आहे. 'पेनी'चं उलटं 'येनेप'. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला सोयीचं! 'बॉय' उलटून झालेला 'यॉब' तर आज उनाड, दांडगट पोरासाठी सगळेच वापरतात. पण यमकाच्या बोलीत आम्हाला मुख्यतः खेळ दिसतो, आणि 'तू आमच्यातला' अशी खूण दिसते. गरीब माणसं आपसांत हसली की त्यात काहीतरी काळंबेरं असणार, हे आपण किती पटकन मानतो! शब्दाचा इतिहास तपासायचा तो यासाठी.

उगम विसरला तरी शब्द चालत राहतो. 'बर्क' म्हणजे बावळट. मुळात अश्लील यमक, पण सभ्य माणसंही तो बिनधास्त वापरतात, कारण गाळलेला भाग कुणाला आठवत नाही.

आता एक धागा थेट आपल्या दाराशी येतो. हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या शिपायांनी परत जाताना इथले शब्द नेले. 'पक्का'चं 'पका', 'देखो'चं 'डेको' म्हणजे नजर, 'चौकी'चं 'चोकी' म्हणजे तुरुंग. आणि 'विलायती'वरून 'ब्लायटी', म्हणजे मायदेश. यांच्याच पंगतीत 'डूलाली' बसतो. हे नाशिकजवळचं आपलं देवळाली! नोकरी संपलेले शिपाई तिथल्या छावणीत जहाजाची वाट पाहत. जहाजं ठरावीक मोसमातच सुटत, त्यामुळे कित्येकांचे महिने रिकामपणात, उकाड्यात आणि आजारात जात. काहींचा मनाचा तोल सुटे. त्याला ते म्हणत 'डूलाली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे तापही गळला आणि 'गॉन डूलाली' एवढंच उरलं: डोकं फिरलं.

आज हे शब्द हसत हसत म्हटले जातात, आणि त्यात गैर काही नाही. पण कोशात 'वेडसर' हा अर्थ वाचून थांबलो, तर घराची वाट पाहून खचलेली ती माणसं आपल्या हिशेबातून निसटतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत. त्यांच्या मागे राहिला तो एवढाच एक शब्द, आणि त्यात आपल्या गावाचं नाव आहे.