‘घरगुती अडचण’ आणि कलम ४

देशातील पहिले ‘सखी’ वन स्टॉप सेंटर १६ जुलै २०१५ रोजी रायपूर येथे सुरू झाले. या शहरात नोकरी करणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते. बदलीवर येथे आल्यावर मलाही ते बऱ्याच उशिरा समजले. हिंसा सोसणाऱ्या स्त्रीला औषधोपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा हे सारे एकाच छताखाली मिळावे, ही त्यामागील कल्पना. ती समजली तेव्हा मला एक जुना मेमो आठवला.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, माझ्या हाताखालील एक महिला कर्मचारी वारंवार उशिरा येऊ लागली. नियमानुसार मी तिच्याकडे खुलासा मागितला. उत्तर दोनच शब्दांचे होते : ‘घरगुती अडचण’. तिच्या मनगटावरचे वळ शाखेतील सर्वांना दिसत होते, मलाही दिसले होते. मी समज देऊन फाईल बंद केली. पुढे तिने नोकरीच सोडली. माझ्या हातून नियमभंग झाला नव्हता, आणि हीच गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात आम्हाला कुटुंब हे एकच एकक म्हणून शिकवले गेले. त्याचे उत्पन्न एक, पसंती एक. घराच्या आतही सहकार्याबरोबर संघर्ष असतो आणि त्यात दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते, हे अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये सविस्तर मांडले. प्रशासन मात्र दीर्घकाळ जुन्याच पाठ्यपुस्तकावर चालले. उंबरठ्याच्या आतले ते खाजगी, असे आपण मानत आलो.

ही समजूत टप्प्याटप्प्याने ढिली होत गेली. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबई पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. २००१ मध्ये मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उघडले. जखमेवर पट्टी बांधताना ती कशी झाली हे विचारणे, हेही रुग्णालयाचे काम ठरले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. रायपूरचे केंद्र हे याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

परंतु ही सारी दारे घाव बसल्यानंतरची आहेत. त्याआधी काय? मुंबईच्या महापालिका शाळांत २००८ ते २०११ या काळात सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ नावाचा उपक्रम झाला. खेळ आणि चर्चा यांतून स्त्री-पुरुषांची कामे, आपले शरीर, मारहाण व चिडवणे यांवर मुले बोलू लागली. ‘मावा’ ही पुरुषांचीच संघटना १९९३ पासून तरुणांमध्ये असे काम करीत आली आहे. हिंसा ही ‘होतेच’ अशी गोष्ट नाही, हे बाराव्या वर्षी ऐकणे आणि तिसाव्या वर्षी ऐकणे यांत फार अंतर आहे.

कार्यालयांचे काय? १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा यांमुळे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध समित्या आल्या. त्याही अनेक ठिकाणी कागदावरच असल्याबद्दल, गोव्यातील एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाला मे २०२३ मध्ये खेद व्यक्त करावा लागला. शिवाय घरी मार खाऊन कामावर येणारी स्त्री या समितीच्या कक्षेत सहसा येतच नाही.

तिच्यासाठी एक तरतूद आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याच्या कलम ४ नुसार, असा हिंसाचार घडला आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. बालकावरील लैंगिक गुन्ह्याची खबर देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने सक्तीचे केले; येथे मात्र ते ऐच्छिक आहे. ते योग्यच आहे, कारण सज्ञान स्त्रीची इच्छा न विचारता उचललेले पाऊल तिलाच अधिक धोक्यात टाकू शकते. पण ‘ऐच्छिक’ याचा अर्थ आपण ‘अनावश्यक’ असा करून घेतला.

म्हणून प्रशिक्षण हवे ते मोठ्या व्याख्यानांचे नव्हे. एकांतात विचारावे. पुरावा मागू नये. पतीला बोलावून समेट घडवू नये. ऐकलेले मधल्या सुट्टीत सांगू नये. १८१ हा क्रमांक, ‘सखी’ केंद्राचा पत्ता आणि संरक्षण अधिकाऱ्याचे नाव हाताशी ठेवावे. निर्णय तिचा, सोबत आपली. एवढे शिक्षकाला आणि शाखाधिकाऱ्याला एका दुपारी शिकवता येते.

असो. आमच्या सूचनाफलकावर आता समितीच्या नावांखाली कलम ४ चा मजकूर लावला आहे. उशिरा येण्याच्या खुलाशात ‘घरगुती अडचण’ असे लिहिलेले दिसले, तर शेरा मारण्यापूर्वी मी संबंधित व्यक्तीला बसायला सांगतो. त्या मेमोच्या वेळी तेवढेही मी केले नव्हते.