शिरूर-दौंड : हंगामी वाहतूक नियम व भारमर्यादा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या लगतच्या तालुक्यांत जड वाहनांच्या वाहतुकीवर वर्षभरात तीन गोष्टींचा ठळक परिणाम होतो : ऊसगाळपाचा हंगाम, १ जानेवारीचा मार्गबदल व आषाढी पालखी. दोन्ही तालुक्यांमधून भीमा वाहते. पुणे-नगर रस्ता शिरूरवरून जातो, तर पुणे-सोलापूर महामार्ग यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ या दौंड तालुक्यातील गावांवरून. शिरूर-न्हावरे-पारगाव-चौफुला हा या दोहोंना जोडणारा आडवा रस्ता असून पारगावजवळ तो भीमा ओलांडतो. हंगामी वाहतुकीचा खरा ताण या रस्त्यावर येतो.

कायदेशीर आधार : वजनाची मर्यादा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ खाली येते. रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप, सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यांसाठी विशिष्ट वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार कलम ११५ देते. अशी बंदी एक महिन्यापेक्षा जास्त काळाची नसेल, तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही; स्थानिक प्रसिद्धी पुरते. सणावाराचे व यात्रेचे मार्गबदल त्यामुळे थोड्या अवधीत काढता येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वाहनधारकावर. वजन करून द्यायला नकार दिल्यास दंड ४०,००० रुपये. दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत आहेत.

भार व रस्ता : १६ जुलै २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने चार टायरच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली आणि दोन ॲक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत गेले. वाढ किरकोळ वाटते, पण रस्त्याचा हिशेब वेगळा असतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचणीतून असे दिसले, की रस्त्याची झीज ॲक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. त्या नियमाने भार आठव्या हिश्शाने वाढला की झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. ही वाढ कायद्याने मान्य केलेल्या भारातली आहे. जादा भरलेल्या गाडीची गोष्ट त्यापुढची.

भाराइतकीच रस्त्याखालच्या जमिनीची ओलही महत्त्वाची. थंड प्रदेशांत बर्फ वितळून जमीन मऊ होते तेव्हा भारमर्यादा खाली आणतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ठरावीक रस्त्यांवर मार्च-एप्रिलमध्ये दर ॲक्सलला ५ टनांची मर्यादा लागू होते. आपल्याकडील ॲक्सलची मर्यादा मात्र बाराही महिने एकच. भीमाकाठच्या काळ्या जमिनीची भार पेलण्याची ताकद ओलीने झपाट्याने घटते, आणि ती ओल पावसाळ्याबरोबर संपत नाही : ऊस बारमाही पाण्याचे पीक असल्याने कालव्याच्या व शेताच्या पाण्याने साइडपट्टी हिवाळ्यातही भिजलेली राहते. डांबर प्रथम कडेने सुटते ते यामुळे. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते (२०२२ मध्ये १५ ऑक्टोबर, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबर ही राज्याने ठरवलेली तारीख होती), म्हणजे रस्ता पुरता वाळण्याआधीच सर्वांत जड वाहने त्यावर येतात. या भागात हंगामी भारमर्यादेची गरज आहे ती या पहिल्या आठवड्यांत, शेतातून निघणाऱ्या ग्रामीण रस्त्यांवर.

ऊसवाहतूक : दौंड तालुक्यात पाटसचा भीमा सहकारी, आलेगावचा दौंड शुगर, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा, शिरूर तालुक्यात न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी, जातेगावचा व्यंकटेशकृपा, रावडेवाडीचा पराग हे कारखाने. यांतील सहकारी कारखान्यांवर काही हंगामांत बंद राहण्याची वेळ आली. जवळचा कारखाना बंद असला की तोच ऊस लांब जातो आणि आडव्या रस्त्यांवरील फेऱ्या लांबतात. बैलगाडी, ट्रॅक्टरला जोडलेल्या एक वा दोन ट्रॉल्या, ट्रक आणि घरगुती जुळणीची ‘जुगाड’ वाहने ही वाहतुकीची साधने.

जादा भरण्यामागचे अर्थकारण साधे आहे. वाहतुकीचे पैसे टनावर व अंतरावर मिळतात, आणि तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन व साखरेचा उतारा दोन्ही घटतात. ट्रॉलीबाहेर दोन्ही बाजूंना आलेल्या मोळ्या अरुंद रस्त्यावर समोरच्या वाहनाची जागा खातात. बाहेर आलेल्या मालासाठी अधिनियमात २०,००० रुपयांचा स्वतंत्र दंड आहे. रात्री बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून आदळून होणारे अपघात दर हंगामाचे दुखणे आहेत. परिवहन विभाग व पोलीस हंगामाच्या तोंडावर कारखान्यांवर जाऊन ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात, आणि ती जीव वाचवणारी आहे.

वजनाची अडचण कागदावर कुठेच नाही. उसाची प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर दोनदा चढते, भरलेली व रिकामी. कलम ११४ नुसार वाहन पुढच्या मार्गाच्या १० किलोमीटरांत किंवा पोचण्याच्या ठिकाणापासून २० किलोमीटरांत असलेल्या काट्यावर नेता येते. मात्र कारखान्याचा काटा ऊसदर व वाहतूकदराच्या हिशेबासाठी असतो, तो एकूण वजन सांगतो, ॲक्सलवरचे नाही. आणि गाडी तिथे पोचते तेव्हा रस्ता तुडवून झालेला असतो. तरीही गावागावांतील रस्त्यांवर किती भार पडतो याचा इतका सलग दस्तऐवज दुसरा नाही. रस्त्याची जाडी ठरवताना त्याचा उपयोग व्हायला हवा.

१ जानेवारीचा मार्गबदल : पुणे-नगर रस्त्यावरील पेरणे येथे कोरेगाव भीमाच्या लढाईच्या जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी दर १ जानेवारीला लाखो लोक येतात. त्या वेळी पुणे-नगर रस्त्यावरील जड वाहने वळवली जातात. नगरकडून येणाऱ्या वाहनांना शिरूरनंतर न्हावरे, पारगाव, चौफुला, यवत, हडपसर असा मार्ग दिला जातो. हा दिवस गाळपाच्या ऐन भरात येतो. त्यामुळे लांब पल्ल्याचे ट्रक, कंटेनर व उसाच्या ट्रॉल्या एकाच आडव्या रस्त्यावर आणि पारगावच्या एकाच पुलावर येतात. बंदीच्या आदेशात वळवलेल्या मार्गावरील ऊसवाहतुकीलाही वेळ ठरवून देणे शहाणपणाचे ठरेल.

पालखी : संत तुकाराम महाराजांची पालखी यवत व वरवंड येथे मुक्काम करून पाटस, रोटी घाटमार्गे बारामती तालुक्यात जाते. वाहतूक टप्प्याटप्प्याने वळवतात.

बंधाऱ्यांवरील रस्ते : भीमा व घोड नद्यांवरील कोल्हापुरी बंधाऱ्यांचा माथा बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालण्या-काढण्यासाठी असतो. जवळचा रस्ता म्हणून त्यावरून वाहने जातात. भरलेल्या ट्रॉलीसाठी तो नाही.

दौंड शहर : लोहमार्गाने शहराचे दोन भाग झाले आहेत. लोहमार्गाखालची कुरकुंभ मोरी हा वाहतुकीचा जुना अडथळा असून तिथे मर्यादा वजनाची नसून रुंदी व उंचीची आहे.

शिरूर शहर : लांब पल्ल्याची वाहतूक बाह्यवळण रस्त्याने जाते.