पेशीपटलातील मध्यस्थाचा शोध : एका चुकीच्या नावाचा इतिहास

अ‍ॅड्रेनलिनसारखे संप्रेरक पेशीच्या आत न शिरताही तिचे वर्तन बदलते. हा बाहेरचा निरोप आत सायक्लिक एएमपी या लहान रेणूच्या रूपाने पोहोचतो, हे अर्ल सदरलँड यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखविले. हा रेणू अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे पेशीपटलातील विकर तयार करते. संप्रेरकाला ओळखणारा ग्राही आणि हे विकर एकाच संकुलाचे दोन भाग असावेत, असे सदरलँड यांचे अनुमान होते. हे अनुमान कसे मागे पडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पहिली शंका बेथेस्डा येथील मार्टिन रॉडबेल यांना आली. चरबीच्या पेशींतील सायक्लेज अनेक संप्रेरकांनी उद्दीपित होई. परंतु ती एकत्र दिली तरी परिणामांची बेरीज होत नसे. याचा अर्थ ग्राही अनेक आणि विकर मात्र सामाईक. १९७१ मध्ये त्यांच्या गटाला असेही आढळले की, निरोप पोहोचण्यासाठी जीटीपी हा रेणू आवश्यक असतो.

दरम्यान पेशीपटलाविषयीची दृष्टीच बदलत होती. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी सेंडाई विषाणूच्या साहाय्याने उंदराची व माणसाची पेशी एकजीव केली. ३७ अंश सेल्सियसला सुमारे ४० मिनिटांत दोहोंची पृष्ठप्रथिने परस्परांत मिसळून गेली. पटल भिंतीसारखे स्थिर नसून प्रवाही होते. जेरुसलेमच्या ऑर्ली व श्राम यांनी १९७६ मध्ये हीच युक्ती निराळ्या हेतूने वापरली. टर्की पक्ष्याच्या तांबड्या पेशींत ग्राही शाबूत ठेवून सायक्लेज निकामी केले. उंदराच्या दुसऱ्या पेशींत सायक्लेज होते, पण तो ग्राही नव्हता. दोन्ही पेशी जोडताच एकीचा ग्राही दुसरीच्या विकराला चालवू लागला. दोन प्राण्यांच्या प्रथिनांचे असे सूत जुळावे, याहून बोलका पुरावा शोधणे कठीण!

तरीही मधला दुवा हाती लागला नव्हता. तो मिळाला एका चुकीच्या नावामुळे. उंदराच्या लिंफोमा पेशींचा एक उत्परिवर्तित वाण संप्रेरकाला दाद देत नसे. त्यात सायक्लेजच नाही असे समजून त्याला ‘सिक ऋण’ असे नाव पडले. व्हर्जिनिया विद्यापीठात रॉस आणि गिलमन यांनी या पेशींच्या पटलात दुसऱ्या पेशींचा अर्क मिसळला. अर्कातील सायक्लेज उष्णतेने नष्ट केले, तरीही क्रिया परत आली. म्हणजे सायक्लेज त्या पेशींत होतेच; उणीव होती ती तिसऱ्या, मध्यस्थ प्रथिनाची. १९८० मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळाले आणि १९९४ मध्ये गिलमन व रॉडबेल यांना नोबेल पारितोषिक लाभले. पेशींचे जुने नाव मात्र तसेच राहिले.

या मध्यस्थाचे महत्त्व पटकीच्या रोगात विशेष जाणवते. कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये जिवाणूविरहित गाळलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साचते, हे दाखवून पटकीच्या विषाचे अस्तित्व सिद्ध केले. या कार्याची योग्य दखल त्यांच्या हयातीत मायदेशी फारशी घेतली गेली नाही, ही खेदाची बाब होय. सुमारे दोन दशकांनी उलगडा झाला की, हे विष त्याच मध्यस्थ प्रथिनावर एक रासायनिक गट चिकटविते. त्यामुळे त्याला जीटीपीचे विघटन करता येत नाही, ते ‘चालू’ अवस्थेतच अडकते, सायक्लिक एएमपी वाढत जाते आणि आतड्यातून क्षार व पाणी वाहून जाते.

परंतु त्याच पेशींच्या पटलातील, साखर व सोडियम एकत्र आत घेणारे वाहक प्रथिन या विषाने बाधित होत नाही. १९७१ मध्ये बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व बेकिंग सोड्याचे द्रावण रुग्णांना पाजले, ते याच वाटेने शरीरात शोषले गेले. तेथील मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. मध्यस्थ प्रथिनाचा शोध तेव्हा अद्याप लागायचा होता.